चष्मेवाला घरी पोचला त्याची हकीकत

ती. दादा यांस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. हल्ली कंबर धरलीय, सरळ उभं राहून नमस्कार करणं मला जमतच नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा आवाज बसला होता तो उठला का, की तू अजून निवांत आहेस? आम्ही इकडे मजेत. आमच्या घरातले अधिपती नेहमीप्रमाणे चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात आणि मी नेहमीप्रमाणे सांगत नाही. पत्राला उशीर झाला त्याचं कारण आळस नव्हे, मोठेपणा. माणूस मोठा झाला की त्याला पत्रं लिहायला वेळ होत नाही असं ऐकून होते, ते खरं निघालं.

गेल्या खेपेला तुझ्याकडे आले होते तेव्हा जेवणाच्या टेबलावर तू मला एक सल्ला दिलास आणि मी तुला वहिनींसमोर एक उत्तर दिलं. सल्ला असा होता की गोष्ट लिहायला बसण्याआधी ती कुठे संपणार ते ठरवावं, मधले टप्पे कागदावर मांडावेत आणि मग लिहावं. उत्तर असं होतं की लोकांच्या घरांचे नकाशे काढून काढून तू असा झालायस की दोन किलो बटाटे आणायचे तरी आधी आराखडा काढतोस, आणि मग बाजार बंद झालेला असतो. वहिनी हसल्या, तू ताटावरून उठलास, आणि त्यानंतर आठ महिने तुझं पत्र नाही. असो, झालं गेलं सोडून दे. आज लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी. दादा, मी एक शोध लावला आहे. तो असा की गोष्ट लिहायला बसण्याआधी ती कुठे संपणार ते ठरवावं, मधले टप्पे कागदावर मांडावेत आणि मग लिहावं. हे कुठेतरी ऐकल्यासारखं तुला वाटेल. तो योगायोग आहे.

आता शोध कसा लागला ते सविस्तर सांगते, कारण थोडक्यात सांगितलं तर तू म्हणशील मी तेव्हाच सांगितलं होतं. आमच्या छत्र्यांच्या कारखान्यात शिलाईखात्यात यंत्रांचा इतका गोंगाट की शेजारणीला शिंक आली तरी ती दिसते, ऐकू येत नाही. पण आमचं टाचणखातं माडीवर, आणि तिथे सगळं हातकाम. लांबलचक टेबलाभोवती आम्ही अकराजणी बसतो आणि शिवून आलेलं कापड सांगाड्याच्या काड्यांना सुईदोऱ्यानं टाचतो. आवाज म्हणून नाही. त्यामुळे पूर्वीपासून एक रीत पडली आहे, की सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा एक तास एकीनं गोष्ट वाचायची आणि तिच्या वाटच्या दहा छत्र्या बाकीच्या दहाजणींनी एकेक करून टाचून द्यायच्या. म्हणजे बघ, माझी गोष्ट फुकट कुणी ऐकत नाही. प्रत्येक बाई दर आठवड्याला एक छत्री जादा टाचते तेव्हा तिला पुढे काय झालं ते कळतं. एवढं मोल देऊन ऐकणारं गिऱ्हाईक भल्या भल्या लेखकांना मिळत नसेल.

गोष्ट माझीच, ताजी. एका माणसाच्या म्हाताऱ्या आईचा चष्मा फुटतो, तो दुरुस्त करून आणायला हा घराबाहेर पडतो. एवढंच ठरवून मी सुरुवात केली होती. (ठरवलं होतं असंही नाही. त्या दिवशी सकाळीच आमच्या अधिपतींचा चष्मा मी बसले त्या खुर्चीवर होता.) दर सोमवारी बसमध्ये खिडकीपाशी बसायचं, चौथ्या थांब्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत सुचेल ते वहीत उतरवायचं, आणि दुपारी वाचायचं. सुचत तर मला भरपूर होतं. चष्मेवाला जहाजावर चढला. तुरुंगात गेला. तिथून सुटला तो एका सर्कशीचा मालक होऊन. सर्कस बुडाली, पण एक घोडा उरला, आणि तो घोडा त्यानं एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन बांधला. का नेला ते तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. आता आठवत नाही.

सव्वीस आठवडे झाले. आई तिकडे घरी चष्म्याविना, आणि हा इकडे परक्या गावात कुणाच्या तरी लग्नात जेवायला बसलेला. त्या लग्नात मी ऐटीत त्याच्या मामाला उभं केलं आणि त्याच्या तोंडी एक सुरेख भाषण घातलं. भाषण निम्म्यावर आलं असताना माझ्या समोरची बाई (ही वकील नव्हे, पण आम्ही तिला वकीलबाईच म्हणतो, कारण तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही) सुई वर धरून म्हणाली, हा मामा चौथ्या आठवड्यात मेलाय. मी म्हटलं, नाही, नुसता आजारी होता. ती म्हणाली, आम्ही रडलोय त्याला. मग जी जुंपली ती विचारू नकोस. निम्म्याजणी म्हणतात मेला, निम्म्या म्हणतात तो काका होता, आणि हात आपले सवयीनं चालूच. तास संपल्यावर पाहिलं तर तेवीस छत्र्यांचं कापड उलटं टाचलेलं. शिवण बाहेर, छाप आत. सुपरवायझर साहेब वर आले, एक छत्री उघडून तिच्याखाली उभे राहिले, आतला छाप शांतपणे वाचला आणि म्हणाले, गोष्ट बंद करू की तुम्ही करताय?

मी तशी दबणारी नाही, पण त्या दिवशी तेवीसही छत्र्या स्वतः उसवायला घेतल्या. साहेबांचं सोड, त्यांना काय, उद्या विसरतील. खरा घोर मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, एकतीस वर्षं त्याच स्टुलावर. बोलणं कमी, टाका बारीक. त्या आठवड्यात सगळ्या पांगल्यावर त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, मला आता चार सोमवार राहिलेत, मग मी घरी बसणार. ह्या टेबलावर मी तुझ्याआधी दोन गोष्टी ऐकल्या. पहिली वाचणारी लग्न होऊन गेली, तेव्हा तिच्या गोष्टीतली बाई कड्यावर दोरीला लटकत होती, ती अजून तशीच आहे. दुसरीला कचेरीत नोकरी लागली, ती वहीच घेऊन गेली, घड्याळ कुणी चोरलं ते मला आजतागायत कळलं नाही. आता निदान ह्याला तरी घरी पोचव. त्याच्या आईला दिसत नाहीये गं.

दादा, मला कुणी रागावलं तर मी दोन शब्द जास्तच बोलते हे तुला माहीत आहे, पण ह्या वेळी मी नुसता हिशोब केला. एकतीस वर्षांत ह्या बाईनं एक गोष्ट पुरी ऐकलेली नाही, आणि सव्वीस छत्र्या तर माझ्याच वाटच्या टाचून दिल्यात. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं, चार सोमवारांत पोचवते. आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की हा माणूस आत्ता कुठल्या देशात आहे तेच मला सांगता येत नाही. परत येणार कसा? घोड्याचं काय? दोनदा मेलेल्या, म्हणजे एकदा मेलेल्या आणि एकदा जेवलेल्या मामाचं काय? आणि मुख्य म्हणजे चष्मा कुठाय? मी सगळी वही पालथी घातली. अकराव्या आठवड्यानंतर चष्म्याचं नावच नाही.

तर पहिल्या सोमवारी मी भूकंप केला. हसू नकोस, मला दुसरा मार्गच दिसेना. लग्नाचा मांडव, मामा, लॉज, घोडा, सगळं एका पानात गाडून टाकलं, म्हणजे चष्मेवाला मोकळा. वाचून मान वर केली तर दहाही बायका माझ्याकडे बघतायत. वकीलबाईनं सरळ मत घ्यायला लावलं. भूकंप मागे घ्यावा असं दहाजणींचं मत पडलं, विरुद्ध मत माझं एक. घोड्याला का मारलंस, एवढंच कोपऱ्यात बसणाऱ्या एका नव्या मुलीनं विचारलं, आणि तिचे डोळे भरले होते. मी सगळ्यांसमोर पान फाडलं. असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

चहाच्या सुट्टीत मोठ्या बाईंनी छत्र्यांच्या मुठींच्या गठ्ठ्यावरचा तपकिरी कागद घेतला, माझ्यापुढे पसरला आणि त्यावर वरून दिसते तशी उघडी छत्री काढली. एक गोल, मधून आठ रेघा. मग मला विचारलं, तू पहिली काडी टाचल्यावर पुढची कुठली टाचतेस? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला, समोरची. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. एक काडी टाचली की तिच्या शेजारची घ्यायची नाही, थेट समोरची घ्यायची, मग मधल्या. ओळीनं टाचत गेलं तर कापड एका बाजूला ओढलं जातं आणि शेवटच्या काडीला पुरत नाही. नऊ वर्षं मी हे हातानं करते आहे. बाई म्हणाल्या, आणि गोष्ट मात्र तू ओळीनं टाचतेस. मग कापड कुठून पुरणार?

तिथे, त्या क्षणी, दादा, मी तो शोध लावला. (कागद त्यांचा, पेन्सिल त्यांची, रेघा त्यांनी मारल्या. शोध माझा.)

मग आम्ही कामाला लागलो. पहिल्या रेघेवर लिहिलं, चष्मा घेऊन निघाला. समोरच्या, म्हणजे पाचव्या रेघेवर, घरापासून सगळ्यांत लांब, ते परक्या गावातलं लग्न. मधल्या रेघांवर जे सव्वीस आठवड्यांत होऊन गेलं ते जमेल तसं बसवलं. सहावी, सातवी, आठवी रिकामी, आणि सोमवारही तीनच उरलेले. बाईंनी आधी आठवीवर बोट ठेवलं, इथे काय? माझ्या तोंडून आपोआप गेलं, आई चष्मा लावते. बाईंनी लिहिलं. लावून काय म्हणते? ते मला सांगता आलं नाही, म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली. आता आई चष्मा लावणार तर सातवीवर चष्मा सापडायला हवा, आणि सहावीवर तो शोधायला लॉजवर परत जायला हवं, म्हणजे घोडाही तिथेच भेटला. एकेक गोष्ट मागून पुढे अशी उलगडत गेली की माझी मीच थक्क. वकीलबाईला बोलावलं, तिनं लोंबकळत राहिलेल्या माणसांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. सतराजण निघाले. नऊ जणांना त्या तीन काड्यांत जागा मिळाली, आठजणांना आम्ही माफ केलं. मामा दोन होते असं ठरलं, थोरला गेला आणि धाकटा जेवला. इतकं सोपं होतं बघ.

तुला वाटेल, सगळं आधी ठरल्यावर लिहायला गंमत ती काय उरली. मलाही तीच भीती होती, म्हणून तर तुला बटाट्यांवरून बोलले. पण पुढच्या सोमवारी बसमध्ये बसले आणि चमत्कारच झाला. आता ह्याला कुठे पाठवू ही धाकधूक नाही, त्यामुळे पहिल्यांदाच मला तो माणूस नीट दिसला. लॉजच्या जिन्याचा कठडा कसा गुळगुळीत झाला होता, घोड्यानं नऊ आठवड्यांत खिडकीची चौकट कशी कुरतडली होती, सगळं दिसायला लागलं. फाटक आलं तरी माझं लिहिणं थांबेना, कंडक्टरनं खांद्याला हात लावून उतरवलं.

सहाव्या काडीला घोडा खाली आणायचा होता. जिना चढलेला घोडा जिना उतरत नाही (घोडं अडलं म्हणतात ते हेच), पण मी त्याच्या डोळ्यांवर शाल बांधली आणि त्याला उलटा, शेपटीकडून, एकेक पायरी उतरवला. एकवीस पायऱ्या. शेवटची पायरी उतरला तेव्हा टाळ्या वाजवायला कुणाचे हात मोकळे नव्हते, म्हणून दहाही जणींनी बोटातली लोखंडी अंगुस्तानं टेबलावर बडवली. कोपऱ्यातली नवी मुलगी तर उठून उभी राहिली. आणि खोगिराच्या पिशवीत काय निघालं? चष्मा. नवी काच बसवलेला. ते सातव्या काडीला. त्या दिवशी सुपरवायझर साहेब दाराबाहेर एक फाईल धरून तासभर उभे होते. फाईल उलटी धरली होती हे वकीलबाईनं पाहिलं. संध्याकाळी जिन्यात मला गाठून त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, धाकट्या मामांचं भाषण पुरं व्हायचं राहिलंय, ते होणार आहे ना? मी म्हटलं, आराखडा बघून सांगते. काय वाटलं म्हणून सांगू, असं उत्तर द्यायला जन्म काढावा माणसानं.

शेवटच्या सोमवारी मोठ्या बाई नेहमीसारख्या आल्या, स्टूल पुसलं, सुई ओवली. कोरी जागा अजून कोरीच होती. आई काय म्हणते हा एकच प्रश्न घेऊन मी तीन आठवडे फिरत होते, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, अधिपतींशी भांडताना. बाकी सगळं जागच्या जागी होतं म्हणून तेवढ्याच गोष्टीवर जीव लावता आला. आणि बस फाटकाशी वळली तेव्हा ते सापडलं. दुपारी वाचलं. तो दार ढकलून आत येतो. आई खिडकीशी बसलेली, ती आवाजाच्या दिशेला तोंड करते. तो चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवतो. ती त्याच्याकडे बघते, पुष्कळ वेळ बघते. कुठे होतास म्हणून विचारत नाही, उशीर का झाला विचारत नाही. म्हणते, अरे, तुझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय. सुई आण.

वही मिटली. मोठ्या बाईंनी भोंगा व्हायच्या आधी सुई खाली ठेवली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, मला ठाऊक होतं गं, मीच तर लिहिलं होतं कागदावर, आई चष्मा लावते म्हणून. तरी बघ. आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मग काय, सगळ्याच. मीसुद्धा रडले, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी एकशेदहा छत्र्या झाल्या आणि एकही उलटी नव्हती. साहेबांनी स्वतः मोजल्या.

दादा, तू खरं सांगत होतास. हे वाक्य मी एकदाच लिहिते आहे, वहिनींना दाखव आणि कपाटात ठेवून दे. तुझ्या टेबलावर मी तुला जे बोलले ते चुकलं, आणि आठ महिने तुझं पत्र नाही याचं मला फार वाईट वाटत होतं, ते विनोदात घालवून चालणार नाही म्हणून सरळ लिहिलं. मात्र शोध लावणं वेगळं आणि सल्ला देणं वेगळं, एवढं लक्षात असू दे. सध्या कारखान्यात माझा मान इतका वाढलाय की शिलाईखात्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत आराखड्याविषयी शंका विचारायला माडी चढून येतात. मी त्यांना सांगते, शेवट आधी, समोरची काडी मग, बाकी सगळं आपोआप येतं.

गुडघ्याला शेक देत जा. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. खाली जे लिहिते आहे ते वहिनींना दाखवायची गरज नाही. पुढच्या सोमवारी नवी गोष्ट सुरू व्हायची आहे, आणि तिचा आराखडा पक्का तयार आहे असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. चार दिवस तपकिरी कागद पुढे घेऊन बसले. गोल छान येतो. आठ रेघाही येतात. पुढे एक अक्षर नाही. विचार करता माझं असं ठाम मत झालंय की आखणी ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती कुणीही उठून करू नये, ज्याचा हात बसलाय त्यानंच करावी. तेव्हा उलट टपाली आठ मुद्दे पाठव. विषय कुठलाही चालेल. जनावर शक्यतो नको, मामा फार तर एक.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, तो जुना कागद समोर ठेवून त्यावरून कर. तो मोठ्या बाई घेऊन गेल्या. वही मी स्वतः देऊ केली होती, ती नको म्हणाल्या, कागदच पाहिजे. काल मागायला गेले होते. त्यांचे मालक दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, भिंतीकडे तोंड करून असतात, कुणाशी अक्षर बोलत नाहीत असं ऐकलं होतं. बाई त्यांच्या उशाशी कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि चष्मेवाल्याची गोष्ट सांगत होत्या. मी पाहिलं तर आठ रेघांच्या चौदा झाल्यात, सगळ्या त्यांच्या हातच्या. एक बेकरीवाला आलाय, एक पोपट आलाय, आणि तुरुंगातून सुटून हा घराच्या उलट्या दिशेला निघालाय. मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारलं, बाई, हा घरी पोचणार कधी? त्या चहा गाळत म्हणाल्या, हे रोज विचारतात मला, पुढे काय झालं म्हणून. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारतायत. मी कशाला इतक्यात पोचवू त्याला? मी कागद न मागता चहा पिऊन परत आले. तेवढे मुद्दे लवकर पाठव.